वरसोलीची पाणबुडी

'स्टार ट्रेक'मधल्या एंटरप्राइझ या अंतराळयानाचे सेन्सर कधी चालतात आणि कधी बंद पडतात, याचा नियम एकच आहे: गोष्ट पन्नास मिनिटं पुरली पाहिजे. पहिल्या पाच मिनिटांत सेन्सरने सगळं सांगून टाकलं तर उरलेला वेळ कॅप्टन कर्कने करायचं काय? म्हणून ज्या यंत्राला कक्षेत फिरता फिरता खालच्या ग्रहावर जिवंत माणसं किती हे कळतं, त्यालाच डोंगराआड दबा धरून बसलेला शत्रू दिसत नाही. मग कर्कचा साथीदार स्पॉक एक भुवई उंचावून 'इंटरफिअरन्स आहे' असं सांगतो आणि कर्क स्वतः खाली जाऊन मार खातो.

शहाणा प्रेक्षक इथे चहा घेतो. आमच्यासारख्या भक्ताला मात्र तो इंटरफिअरन्स कसला, हे कळल्याशिवाय झोप येत नाही.

'आमच्यासारख्या' म्हणजे मी आणि माझा मेव्हणा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं, तेव्हापासूनचं हे दुखणं. मालिका १९६६ ते १९६९ या काळातली, भाग सगळे मिळून ७९. पण आम्हाला जुनं-नवं कुठे कळत होतं? माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगी पाहायला गेलेला मी मुलीच्या भावाशी ट्रायकॉर्डर या मालिकेतल्या हातात धरायच्या तपासयंत्रावर इतका वेळ बोलत बसलो की, कांदेपोहे कोणी केले होते हे विचारायचं राहून गेलं. ते बायकोला अजून आठवतं.

मेव्हणा पुण्यात असतो, मी अलिबागला. वाद फोनवर चालतात. त्याचा पक्ष असा की, पडद्यावर दाखवलेलं प्रत्येक यंत्र चालू शकतं, फक्त कारण शोधायला हवं. त्याच्याकडे १९९१ साली निघालेलं, पुढच्या मालिकेचं 'टेक्निकल मॅन्युअल' आहे. रिक स्टर्नबाक आणि मायकेल ओकुडा या मालिकेच्याच कलावंतांनी ते लिहिलं. त्यात लांब पल्ल्याचे सेन्सर १७ प्रकाशवर्षांपर्यंत पाहतात असं छापलेलं आहे, आणि मेव्हणा हा आकडा सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा काढून दाखवतो. याच ओकुडांना एकदा कोणी मालिकेतल्या एका काल्पनिक यंत्राबद्दल विचारलं होतं की, तुमचा तो हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर चालतो तरी कसा? ते म्हणाले, उत्तम चालतो, आभारी आहे. मला हे उत्तर फार आवडतं. मेव्हण्याला त्यात टाळाटाळ दिसते.

आमचं सगळ्यात जुनं भांडण एंटरप्राइझच्या शत्रूंवरून, म्हणजे रोम्युलन लोकांवरून. १९६६ सालच्या एका भागात त्यांनी आपलं अख्खं यान अदृश्य करून आणलं. त्या यंत्राचं नाव क्लोकिंग डिव्हाइस. तो भाग मुळात पाणबुडीच्या युद्धपटावर बेतलेला, त्यामुळे एंटरप्राइझवरचे लोक कान देऊन बसलेले आणि कुठे काही हललं की तोफ डागायची, असा प्रकार. पुढे १९९१ च्या चित्रपटात कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की, यान दिसत नसलं तरी धूर तर सोडत असेल! धुराचा माग काढणारा टॉर्पेडो सोडला आणि शत्रू खलास. मी विचारतो, ही अक्कल सुचायला पंचवीस वर्षं का लागली? मेव्हणा म्हणतो, आधीच्या इंजिनांना धूर नव्हता. मी म्हणतो, पुरावा? तो म्हणतो, १७ प्रकाशवर्षं.

असं सुखात चाललं होतं. मग ६ जुलै २०२५ ची रात्र आली.

त्या रात्री आमच्या जवळच्या कोर्लईसमोर, किनाऱ्यापासून दोनेक सागरी मैलांवर रडारला संशयास्पद बोट दिसली. जुलैत मासेमारी बंद, आमच्या होड्या ओढून काठावर, ताडपत्रीखाली. मग समुद्रात आहे कोण? पोलीस, बॉम्बशोधक पथक, नौदल, तटरक्षक दल, सगळे रेवदंड्याच्या बाजूला लोटले. धो धो पाऊस, वारा, समुद्र खवळलेला. नाक्यानाक्यावर गाड्या तपासल्या जात होत्या. यात हसण्यासारखं काही नव्हतं. १९९३ साली मुंबईतल्या स्फोटांचं आरडीएक्स याच जिल्ह्यात शेखाडीला उतरलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एक रिकामी बोट वाहत आली, तिच्यात एके-४७ रायफली निघाल्या. ती इंजिन बिघडल्यामुळे ओमानच्या बाजूला सोडून दिलेली बोट होती, हे कळेपर्यंत जिल्ह्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यामुळे इथे रडारवर ठिपका दिसला की माणसं धावतात, आणि धावलंच पाहिजे.

मेव्हण्याचा फोन मध्यरात्री आला. "भावजी, तुमच्याकडे रोम्युलन आलेत."

पुढे खुलासा झाला तो असा: बोट नव्हतीच. पाकिस्तानी मच्छीमार बोटीच्या जाळ्याचा बोया होता. जाळं कुठे आहे ते कळावं म्हणून त्याला जीपीएस ट्रॅकर लावलेला, आणि तो बोया वाहत वाहत आमच्या दारात आलेला.

झालं. एंटरप्राइझ या बोयाला फसली असती का, या प्रश्नावर आमचा सबंध श्रावण गेला. मेव्हण्याचं म्हणणं, शक्यच नाही. स्पॉकने ट्रायकॉर्डरवर एक नजर टाकून सांगितलं असतं: लांबी इतकी, वजन इतकं, जिवंत प्राणी शून्य. मी म्हटलं, तेच तर खोटं आहे. खरं यंत्र असं बोलत नाही. रडार लहरी सोडतं, त्या कशावर तरी आपटून परत येतात आणि पडद्यावर ठिपका उमटतो. तो ठिपका काही गळ्यात पाटी अडकवून येत नाही. ती पाटी माणसं लिहितात, आणि ती खरी की खोटी हे बघायला पावसात माणसंच जातात.

"मग ट्रायकॉर्डरला कसं कळतं?" मेव्हणा.

"चुंबकत्व," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. पण एकदा तोंडातून गेलं की तो सिद्धान्त होतो, आणि माझ्याकडे त्याला गावचा आधार होता.

अलिबागला समुद्राकाठी चुंबकीय वेधशाळा आहे. पर्यटक तिच्यावरून घोडागाडीतून जातात आणि तिला डाक बंगला समजतात. हिची थोरली बहीण मुंबईची कुलाबा वेधशाळा, तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर जो प्रचंड उद्रेक झाला, त्याचा धक्का कुलाब्याच्या उपकरणांनी टिपला. सुमारे १६०० नॅनोटेस्लांची ती घसरण आजही जगभरचे शास्त्रज्ञ पुढ्यात घेऊन बसतात. पंधरा कोटी किलोमीटरवर सूर्याला शिंक आली आणि ती मुंबईत ऐकू आली! मग मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या तारांतून वाहणारा प्रवाह म्हणजे या नाजूक उपकरणांच्या कानाशी ढोलताशा. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे जागा शोधली आणि १९०४ साली अलिबागला वेधशाळा उभी राहिली. इमारतीत लोखंड वापरायचं नाही असा दंडक. दोन वर्षं दोन्हीकडे सोबतीने नोंदी घेतल्या, ताळा जमला, आणि १९०७ मध्ये मुंबईत ट्राम धावली तोवर वेधशाळेने आपला संसार हलवलेला होता.

मला यातून जे दिसलं ते मी मेव्हण्याला मोठ्या आवाजात ऐकवलं. चांगल्या यंत्राची पंचाईत कमी दिसण्याची नसते, सगळंच दिसण्याची असते. सूर्य दिसतो, ट्राम दिसते, शेजाऱ्याच्या खिडकीची जाळीही दिसते. मग एंटरप्राइझवर ४३० माणसं, त्यांची इंजिनं, दारं, लिफ्ट, आणि तो सतत काही ना काही जळत असणारा कंट्रोल पॅनल! त्यांच्या सेन्सरला एवढ्या सगळ्यांतून स्वतःचाच गोंगाट कसा दिसत नाही? वेधशाळा ट्रामपासून लांब पळाली. एंटरप्राइझ तर स्वतःच ट्राम आहे.

फोनवर शांतता. मला वाटलं, जिंकलो.

"तोंडाने बोलणं सोपं आहे, भावजी. करून दाखवा."

करून दाखवायला फार काही लागत नाही. हल्ली प्रत्येक मोबाइलमध्ये होकायंत्रासाठी चुंबकमापक बसवलेला असतो आणि त्याचे आकडे दाखवणारं अ‍ॅप फुकट मिळतं. आमच्याकडे पृथ्वीचं चुंबकक्षेत्र चाळीस मायक्रोटेस्लांच्या थोडं वर. जवळ लोखंड आलं की आकडा उडी मारतो. पाणबुड्या शोधणाऱ्या नौदलाच्या पी-८आय विमानांच्या शेपटीत याच तत्त्वाचं उपकरण असतं. माझा बेत साधा होता: संध्याकाळी किनाऱ्याने चालायचं, आकडे टिपायचे, आणि रिकाम्या वाळूतसुद्धा यंत्र किती बडबडतं ते मेव्हण्याला दाखवायचं.

पावसाळा सरल्यावर एक अमावास्या धरली. अमावास्येला आमच्याकडे ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुरी होते, वाळू लांबपर्यंत उघडी पडते. बायको म्हणाली, "ओल्या वाळूतून जाताय, गुडघ्याचा पट्टा बांधून जा." बांधला. संसारात कुठे वाद घालायचा हे मला कळतं.

आधी उपकरणाची परीक्षा. चालतच अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात गेलो. कान्होजी आंग्र्यांचं हे ठाणं, इथून समुद्रावर नजर ठेवायला त्यांना अ‍ॅप लागलं नव्हतं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत, १८४९ च्या, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या. फोन छातीशी धरून तोफेजवळ गेलो आणि आकडा सरसर चढला. मागे सरलो, उतरला. एका शाळकरी मुलाने आईला विचारलं, "हे काका तोफेला नमस्कार का करतायत?" आई म्हणाली, "चल पुढे." मी मात्र खूश. यंत्र खरं बोलत होतं.

अंधार पडायच्या आत वरसोलीच्या बाजूला आलो. तिथे सुरूच्या बनापाशी माणसं कमी. वाळूतलं नीट कळावं म्हणून फोन सेल्फी-स्टिकला उलटा लावला, काठी खाली धरली आणि जमिनीपासून हात-दीड हातावर फोन लोंबकळत ठेवून चालू लागलो. अ‍ॅपमध्ये आकडा मोठा झाला की टिक-टिक आवाज करायची सोय होती, ती चालू केली.

टिक.

दोन पावलं. टिक.

खाली पाहिलं तर आकडा शंभरापार जाऊन परत चाळिसावर. पुन्हा शंभर. पुन्हा चाळीस. घड्याळ लावल्यासारखी टिक, सेकंदाला एक. वाळूत काही पुरलेलं असतं तर मी पुढे गेल्यावर ते मागे पडलं असतं. हे मागे पडत नव्हतं. मी वीस पावलं गेलो, तेही वीस पावलं आलं होतं. डावीकडे समुद्र, काळाशार. घशाला कोरड पडली. कानातल्या ब्लूटूथवरून मेव्हण्याला फोन लावला.

"किती दिसतंय?"

"शंभर, मग चाळीस, मग शंभर, मग चाळीस."

"ठोका एकसारखा?"

"अगदी."

"भावजी, हे नैसर्गिक नाही. काहीतरी फिरतंय. पंखा. तुमच्या समांतर चाललंय ते." त्याचा आवाज एकदम खाली आला. "थांबा. हलू नका."

थांबलो. टिक थांबली. आकडा मधेच कुठेतरी स्थिर झाला.

"त्याने इंजिन बंद केलं," मेव्हणा कुजबुजला. "तुम्हाला पाहिलंय."

हा प्रसंग मी आधी पाहिलेला होता. १९६६ चा भाग, दोन्ही यानं गप्प, कोणी आधी हलायचं नाही. फरक एवढाच की, तिथे कर्कच्या पायाला पाणी लागत नव्हतं. भरती सुरू झाली होती आणि अमावास्येचं पाणी चढायला लागलं की वाट बघत नाही. मी सुरूच्या बाजूला हळूच निघालो. टिक. टिक. वेग वाढवला. टिकटिक वाढली.

"पाठलाग करतंय!" मी ओरडलो.

"पळा!" मेव्हणा पुण्यातून म्हणाला.

मी पळालो. या वयात, वाळूतून, हातात काठी, काठीला लोंबणारा फोन, आणि तो फोन तडतड वाजतोय. जितका जोरात पळावं तितक्या जोरात ते मागे येतंय. तेवढ्यात समोरून बॅटरीचा झोत तोंडावर आला आणि शिट्टी वाजली.

ती सागर रक्षक दलाची पोरं होती. गस्तीवर. २०२३ च्या पावसाळ्यात इथल्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती, तेव्हापासून अंधारात वाळू धुंडाळणारा माणूस दिसला की त्याची विचारपूस होतेच.

"ओ काका, काय शोधताव?"

धापा टाकत खरं तेच सांगितलं. "पाणबुडी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा जरा सहानुभूतीने म्हणाला, "तुमची हाय काय?"

त्यांनी मला कोळीवाड्यात एका जुन्या नाखवांच्या अंगणात नेलं. नाखवा जाळं तुणत बसले होते. पोरांनी सगळं सांगितलं. नाखवांनी सुई खाली ठेवली नाही, नुसते म्हणाले, "बसा." मी खुर्चीत बसलो, काठी गुडघ्याशी टेकवली. फोनवर तीनशेच्या वर आकडा, टिकटिक थांबेना.

"पाणबुडी पन बसली वाटतं," नाखवा म्हणाले.

मग त्यांनी माझ्या हातातून काठी घेतली आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. बेचाळीस. माझ्याकडे आणली, चढला. डोक्याशी धरली, उतरला. उजव्या पायाशी थोडा. डाव्या गुडघ्याशी नेली आणि फोनने आकांत मांडला. सगळं मिळून अर्धं मिनिट. नाखवांना ना स्पॉक माहीत, ना नॅनोटेस्ला.

"काका, गुरघ्याला काय बांधलंय?"

पट्टा. बायकोने एका प्रदर्शनातून आणलेला, आत चारी बाजूंनी चुंबकं शिवलेला. दर पावलाला डावा गुडघा फोनजवळ यायचा आणि लांब जायचा. माझी अक्कल कुठे असते याविषयी सासरी एक मत पहिल्यापासून होतंच, आता त्याला यंत्राचा दुजोरा मिळाला. ब्लूटूथवर मेव्हणा विचारत होता, "भावजी, काय झालं? पकडलं का त्यांनी?" पोरांनी तोंडं फिरवून हसून घेतलं, मग चहा मागवला.

चहा पिता पिता नाखवांनी त्यांच्या बोटीवरच्या फिश फाइंडरची गोष्ट काढली. तो पाण्यात आवाज सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी पडद्यावर रंगात दाखवतो. "लोकांना वाटतं मशीन मासा दाखवतं. मशीन नुसता ढग दाखवतं. मासा आपन बोलायचा." आणि ढगसुद्धा मासळीचा नव्हे. आवाज सगळ्यात जास्त आपटतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर. घोळीला ही पिशवी मोठी, तिला बोत म्हणतात, आणि तिलाच सोन्याचा भाव. सुरमईच्या पोटात ती पिशवीच नाही. घोळ बोंब मारत जाते. सुरमई त्याच मशीनखालून दबक्या आवाजात सटकते. मग नाखवा पाण्याचा रंग बघतात, पक्षी कुठे घिरट्या घालतायत ते बघतात, गेल्या वर्षी या तिथीला कुठे लागली होती ते आठवतात, आणि मगच जाळं टाकतात.

मी कानातलं ब्लूटूथ दाबलं. "ऐकलंस? सुरमईकडे क्लोकिंग डिव्हाइस आहे."

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज. मग मेव्हणा म्हणाला, "म्हणजे रोम्युलनांच्या यानात हवाच नव्हती."

"मग ते श्वास कसा घेत होते?"

"कारण शोधायला हवं," तो म्हणाला. आता तो त्याच्या वहीत 'नी-बेल्ट कॉम्पेन्सेटर' नावाचं एक यंत्र मांडतोय. एंटरप्राइझवरच्या ४३० जणांच्या गुडघ्यांचा हिशोब रोज सकाळी वजा करणारं. मी ते मान्य केलं आहे. इतक्या वर्षांत आमचं एकमत झालेला हा पहिलाच मुद्दा, आणि सेन्सरला स्वतःचा गोंगाट का दिसत नाही या माझ्या प्रश्नाचं दुसरं उत्तर कोणी दिलेलं नाही.

राहता राहिली बायको. तिला पोरांकडून सगळं माझ्या आधी कळलेलं. घरी पोचलो तर हसणं नाही, टोमणा नाही. तिचा एकच प्रश्न.

"पळालात म्हणे?"

"हो."

"वाळूतून?"

"हो."

"गुडघा दुखला?"

मी आठवून पाहिलं. दुखला नव्हता. घाबरलेल्या माणसाचं काहीच दुखत नाही, चुंबक नुसतं बांधून हाडांना काही होत नाही, नोंद एकच आणि तीही तुलनेशिवाय, हे सगळं मी तिला वेधशाळेपासून सुरुवात करून समजावून सांगणार होतो.

"बघा, गुण आला," असं म्हणून तिने फोन उचलला आणि आईंसाठी दोन पट्टे मागवले.